पश्तेल द नाता घरी करताना: तुमचे अनुभव लिहा

लिस्बनला आल्यावर पहिल्याच रविवारी बेलें भागातल्या प्रसिद्ध दुकानातला गरम पश्तेल हातात धरला. पश्तेल म्हणजे पापुद्र्यांच्या पारीत अंड्याचं कस्टर्ड भरून भाजलेला पोर्तुगालचा छोटा टार्ट. वरून दालचिनी, पहिल्याच घासाला पापुद्र्यांचा चुरा ओढणीवर. शेजारच्या जेरोनिमूश मठात कपड्यांना खळ करायला अंड्याचा पांढरा भाग वापरत आणि उरलेल्या बलकांची मिठाई करत, असं इथे सांगतात. १८३४ साली देशातले मठ बंद झाले आणि १८३७ पासून हे दुकान सुरू आहे. बेलेंचं नाव फक्त तिथल्या पश्तेलला, बाकी शहरभर मिळतात ते नाता.

घरी करायला लागले तेव्हा आधी कस्टर्डनेच रडवलं. गरम पाकात बलक घातले की गुठळ्या. आता दुधात मैदा कालवून आधी शिजवते, त्यात लिंबाची साल आणि दालचिनी घालून केलेला पाक बारीक धारेने सोडते, आणि मिश्रण कोमट झालं की मगच ६ बलक. मैदा आधी शिजलेला असला की कडक आचेतही बलक फाटत नाहीत. पण खरपूस भाजल्यावर कस्टर्डवर येतात ते काळे डाग मात्र मला अजून नीट जमत नाहीत. तुम्ही कसे आणता? पारीचंही लिहा.

ठाण्याहून
पारीचं मी सांगते. पोळीवर बटर पसरून घड्या घालायच्या, शेवटी घट्ट वळकटी करायची आणि बोटभर जाडीचे तुकडे कापायचे. माझ्या सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, हे तर चिरोटे!" खरंच तसंच. म्हणून पुढच्या वेळी तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावून पाहिला. खुसखुशीत झालं, पण साच्यात दाबताना पारी चिरत गेली आणि थर फुलले नाहीत. बटरमध्ये थोडं पाणी असतं, त्याची वाफ थर उचलते. तुपात ते नाही. तेव्हापासून साटा चिरोट्यांनाच.

तुकडा साच्यात चक्रीची बाजू वर करून ठेवा. अंगठा गार पाण्यात बुडवून मधोमध दाबा आणि पारी कडेला चढवत न्या. तळ इतका पातळ हवा की साच्याचा पत्रा दिसेलसं वाटावं; काठ मात्र जाड. तळ जाड राहिला तर तो कच्चाच राहतो, कितीही भाजा. मे महिन्यात हे सगळं पहाटे करा, नाहीतर बटर हाताला लागतं.

हाँगकाँगहून
इथल्या अंडा टार्टचा वरचा भाग पिवळाधमक, गुळगुळीत, एकही डाग नाही. काळ्या डागांचे हवे असतील तर मकावला जावं लागतं. तिथे कोलोआनमध्ये अँड्र्यू स्टो या इंग्रज माणसाने १९८९ साली बेकरी काढली आणि तिथूनच त्या प्रकाराचं नाव झालं. घरी मी हाँगकाँगचेच करते, मंद आचेवर. मुलांना तेच आवडतात.

फोंड्याहून
डागांचं उत्तर मला शेजारच्या आजींनी दिलं. त्या बेबिंका, म्हणजे गोव्याची थरांची मिठाई, करतात. एक थर घालायचा, झाकणावर निखारे ठेवायचे, तो भाजला की पुढचा थर. माझे फिकट नाता बघून म्हणाल्या, "बाये, उजो वयर जाय." विस्तव वरून हवा.

माझा ओव्हन २५० अंशांपर्यंतच जातो, बेकरीच्या भट्ट्या त्याहून कितीतरी तापतात. आता अर्धा तास आधी पूर्ण तापवते, जाड लोखंडी तवा आत ठेवते, साचे सगळ्यात वरच्या खणात त्या तव्यावर. १२ मिनिटांनी फक्त वरची कॉइल.

एकदा पोदेराने, म्हणजे आमच्या पाववाल्याने, पहाटेचे पाव निघाल्यावर माझा ट्रे लाकडाच्या भट्टीत ठेवू दिला. दारातून बघत होते. आधी कस्टर्ड फुगून गोल झालं, मग मधोमध एक तपकिरी ठिपका, बघता बघता तो काळा, आणि त्याच्या बाजूला दुसरा. ट्रे बाहेर आल्यावर कस्टर्ड हळूहळू खाली बसलं. पोदेराने पहिला उचलला, मी दुसरा. दालचिनी घरीच राहिली होती.