युरोपात गाडी चालवताना : आधी कोण जाणार?

भाड्याची गाडी घेऊन युरोप फिरणारे मराठी लोक वाढले आहेत, नोकरीनिमित्त तिकडे राहणारेही पुष्कळ आहेत. "रस्ते कसे आहेत?" या प्रश्नाला "एकदम गुळगुळीत" हे उत्तर सगळेच देतात. चालवणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही. चौकात आधी कोण जातं, टोल कसा भरायचा, दंड कशाचा बसतो हे देशागणिक बदलतं, आणि शेंगेनमधली (पासपोर्ट न तपासता जाता येणाऱ्या देशांच्या गटातली) सीमा म्हणजे बहुतेक ठिकाणी नुसती एक निळी पाटी. ती ओलांडली की नियम बदललेले असतात. म्हणून हा धागा. नेहमी जिथे गाडी चालवता तिथलं नेमकं लिहा: आकडे, पाट्या, होणाऱ्या चुका आणि त्या का होतात. प्रवासवर्णन नको.

सुरुवात डिपरपासून करतो. आपल्याकडे समोरून डिपर आला की अर्थ "मी येतोय, थांब". जर्मनीत गावाबाहेर "मी ओव्हरटेक करतोय" एवढं सांगायला तो चालतो. ब्रिटनमध्ये लोक सर्रास "तुम्ही जा" म्हणून मारतात, पण तिथल्या हायवे कोडनुसार त्याचा अर्थ फक्त "मी इथे आहे". एकाच इशाऱ्याचे तीन अर्थ. तेव्हा डिपर पाहून गाडी पुढे घालू नये. पाटी आणि रस्त्यावरचा रंग काय सांगतो ते बघावं.

स्टुटगार्टहून

ऑटोबानला, म्हणजे जर्मनीच्या मोटरवेला, वेगमर्यादा नाही, हे अर्धंच खरं. मर्यादा नसलेल्या पट्ट्यांवरही १३० हा शिफारस केलेला वेग आहे. त्याहून जोरात गेल्याचा दंड नाही, पण अपघात झाला तर चूक दुसऱ्याची असूनही नुकसानीचा काही वाटा तुमच्या गळ्यात पडू शकतो.

ओव्हरटेक फक्त डावीकडून, आणि ते झालं की लगेच उजवीकडे परत. गर्दीत डावी रांग ६० किंवा त्याहून कमी वेगाने सरकत असेल, तरच उजवीकडून जास्तीत जास्त २० च्या फरकाने पुढे जाता येतं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर वेगाच्या लेनमध्ये ७० ने ठाण मांडायची आणि दुसऱ्या बाजूने कट मारून पुढे जायची सवय असेल, तर ती आधी मोडा. तुम्ही ११० ने ट्रक ओलांडत आहात आणि मागची गाडी २०० ने येते आहे. फरक ९० चा, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. आरशात अडीचशे मीटरवर ठिपका दिसला की हातात फक्त दहा सेकंद असतात. म्हणून आरसा दोनदा बघायचा, मग मान वळवून खांद्यावरून, आणि मगच लेन बदलायची. नुसत्या एका नजरेत ठिपक्याचा वेग कळत नाही. बहुतेक चुका इथेच होतात.

अंतर राखायचा हिशोब सोपा आहे: काटा जो आकडा दाखवतो त्याच्या निम्मे मीटर. १०० ला ५० मीटर. कडेचे पांढरे खुंट ऑटोबानवर ५० मीटरवरच असतात, मोजायला तेच वापरा. त्या खुंटांवरचा छोटा बाण सर्वांत जवळच्या आपत्कालीन फोनची दिशा दाखवतो.

वाहतूक तुंबली की रेटुंग्सगासे, म्हणजे रुग्णवाहिकेसाठीची वाट. सर्वांत डावी लेन डावीकडे सरकते, बाकी सगळ्या उजवीकडे. सायरन ऐकू आल्यावर करायची ही गोष्ट नव्हे. वेग चालण्याइतका झाला की लगेच करायची, कारण पूर्ण थांबलेल्या गाड्यांना मग सरकायला जागाच उरत नाही. वाट न केल्यास किमान २०० युरो, परवान्यावर २ दंडगुण आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी.

दुरुस्तीच्या कामाजवळ डाव्या अरुंद लेनवर २.१ मीटर असं लिहिलेलं असतं. ती रुंदी आरशांसकट मोजतात, गाडीच्या कागदावर मात्र आरसे सोडून लिहिलेली असते. बऱ्याच एसयूव्ही तिथे बसत नाहीत. पेट्रोल संपून थांबणं हासुद्धा गुन्हाच. बंद पडलात तर आधी चमकणारं जॅकेट, मग सगळे कठड्यापलीकडे, आणि इशाऱ्याचा त्रिकोण किमान १५० मीटर मागे.

ल्योंहून

जर्मनीतल्या गल्ल्यांत आणि फ्रान्समध्ये एक नियम समान आहे, आणि आपल्या माणसाला तोच सर्वांत अवघड जातो: पाटी नसेल तर उजवीकडून येणारा आधी. मुख्य रस्ता मोठा, गल्ली चिंचोळी, तरीही. आपण "मोठ्या रस्त्यावरचा आधी" हे गृहीत धरून वेग ठेवतो आणि उजव्या बोळातून गाडी न थांबता बाहेर येते. तिचा हक्कच असतो. लाल त्रिकोणात काळी फुली दिसली म्हणजे पुढच्या चौकात हा नियम. पिवळा चौकोन टोकावर उभा दिसला तर प्राधान्य तुमचं. त्याच चौकोनावर तिरकी काट आली की संपलं. जर्मनीत एक अपवाद लक्षात ठेवा: उजवीकडचा रस्ता फुटपाथच्या उतरत्या कडेवरून बाहेर येत असेल, तर थांबायचं त्याने.

फ्रान्सच्या गोल चौकांत आत असलेल्याला प्राधान्य असतं, पण पॅरिसचा एत्वाल (विजयकमानीभोवतीचा गोल चौक) उलटा: तिथे आत शिरणारा आधी. बारा रस्ते येऊन मिळतात आणि आतले थांबतात. टाळता आला तर टाळा.

पाऊस पडला की मर्यादा आपोआप उतरते, वेगळी पाटी लागत नाही: ऑटोरूटवर (फ्रान्सच्या मोटरवेवर) १३० ची ११०. धुक्यात ५० मीटरपलीकडचं दिसत नसेल तर सगळीकडे ५०.

टोलनाक्यावर हिरवा बाण असलेली लेन घ्या. नारिंगी 't' खुणेची लेन टॅगवाल्यांची. पॅरिस ते नॉर्मंडी या ए१३ वर आता नाकाच नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि ७२ तासांत आपण होऊन ऑनलाइन पैसे भरायचे. नाका दिसला नाही म्हणून रस्ता फुकट समजणाऱ्यांना नंतर दंड येतो.

आइंडहोवनहून

नेदरलँड्समध्ये रस्त्यावर रंगवलेले पांढरे त्रिकोण बघा. त्यांना "शार्कचे दात" म्हणतात. टोकं तुमच्याकडे असतील तर थांबायचं तुम्ही. पाटी झाडामागे लपेल, दात लपत नाहीत.

वळताना सरळ जाणारा सायकलवाला आणि पादचारी आधी, सिग्नल दोघांचाही हिरवा असला तरी. उजवीकडे वळताना सायकल मागून, आरशाच्या आंधळ्या कोपऱ्यातून २५ ने येते, विजेवरची असेल तर चाहूलही लागत नाही. वळायच्या आधी मान पूर्ण मागे वळवायची. दार उघडतानाही तेच. चालकाने डाव्या दाराला उजवा हात लावावा, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागचं दिसतं. गोल चौकात सायकलींना गावात बहुधा प्राधान्य असतं, गावाबाहेर बहुधा नसतं. दोन्हीकडे निकाल दातच देतात.

मोटरवेवर सकाळी ६ ते संध्याकाळी ७ बहुतेक ठिकाणी १००. बऱ्याच पट्ट्यांवर दोन टोकांमधला सरासरी वेग मोजतात. कॅमेऱ्याजवळ ब्रेक मारून उपयोग नाही.

मिलानहून

इटलीच्या दंडाच्या पत्रांत झेडटीएलची खूप असतात. जुन्या शहराचा मर्यादित वाहतुकीचा भाग, दाराशी कॅमेरा. पाटीवर "व्हार्को आत्तिव्हो" असेल तर अर्थ "कॅमेरा चालू, आत येऊ नका". "आत्तिव्हो" म्हणजे "चालू", म्हणून रस्ता चालू असा अर्थ लावून लोक आत शिरतात. "नॉन आत्तिव्हो" असेल तर रस्ता मोकळा. हॉटेल आत असेल तर गाडीचा नंबर आधीच हॉटेलला कळवा, त्यांनी तो नोंदवल्याची खात्री करा आणि तो संदेश जपून ठेवा. परदेशी पत्त्यावर नोटीस ३६० दिवसांपर्यंत येऊ शकते, आणि भाड्याची कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवल्याचे पैसे वेगळे कापते. मार्गदर्शक अॅपवर पूर्ण भरवसा ठेवू नका. फ्लॉरेन्स, पिसा, रोममध्ये गाडी बाहेरच्या पार्किंगला ठेवून ट्रामने किंवा पायी जाणं शहाणपणाचं.

पार्किंगच्या रेषा: निळी पैशांची, पांढरी फुकट, पिवळी राखीव.

ऑटोस्त्रादावर (इटलीच्या मोटरवेवर) शिरताना तिकीट घ्या. हरवलं तर सर्वांत लांबच्या नाक्यापासूनचा टोल लावतात. पिवळ्या टेलिपास (टॅगवाल्यांच्या) लेनमध्ये चुकून शिरलात तर मागे येऊ नका, नाक्यावर रिव्हर्स घेणं फार महागात पडतं. मदतीचं बटण दाबा, न भरल्याची पावती मिळेल, ती १५ दिवसांत भरायची.

झुरिकहून

घाटाचा आपला जुना नियम इथे तंतोतंत लागू: ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. फुर्का खिंड २,४२९ मीटरवर आहे, उतार संपतच नाही. पाय सतत ब्रेकवर राहिला की आधी जळका वास येतो, मग पेडल मऊ लागतं. म्हणजे ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. वास आला की लगेच मोकळ्या जागी थांबा आणि ब्रेक आपोआप थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका, ती वाकडी होते. ऑटोमॅटिकमध्ये गिअर हाताने खाली घ्यावा लागतो, "डी" मध्ये सोडून चालत नाही.

अरुंद जागी समोरासमोर आलात तर उतरणाऱ्याने आधी थांबायचं. मागे घ्यायची वेळ आली तरी उतरणाऱ्यानेच, चढणाऱ्याला रुंद जागा उघड जवळ असेल तर तेवढाच अपवाद. निळ्या पाटीवर पिवळं शिंग म्हणजे पोस्टबसचा (टपालाच्या प्रवासी बसचा) रस्ता; तिथे बसचालक हाताने सांगेल ते ऐकणं बंधनकारक. वळणाआधी तिचा तीन सुरांचा भोंगा येतो, रोसिनीच्या 'विल्यम टेल' या ऑपेरातला. ऐकला की वळणाच्या अलीकडेच थांबा.

मोटरवेसाठी ४० फ्रँकचं विन्येट (मोटरवे वापरायचा पास), वर्षाचं एकच. दहा दिवसांचं मिळत नाही. ऑस्ट्रियात मात्र एक आणि दहा दिवसांचं मिळतं, पण ब्रेनर, टाउएर्न, आर्लबर्ग या मार्गांवर टोल वेगळा. जिनिव्हा विमानतळाच्या फ्रेंच बाजूने गाडी घेतलीत तर विन्येट आहे का ते आधी तपासा. फुर्का, ग्रिम्झेल, सुस्टन या खिंडी हिवाळ्यात बंद असतात. त्या दिवसांत फुर्काला गाडी रेल्वेवर चढवून बोगद्यातून नेता येते.

स्टाव्हांगरहून

नॉर्वेचे समुद्राखालचे बोगदे म्हणजे उलटा घाट. आधी उतार, मग चढ. रिफिल्केचा समुद्रसपाटीखाली २९२ मीटर जातो, लांबी १४ किलोमीटरच्या वर. इंजिन ब्रेक, म्हणजे खालच्या गिअरात उतरणं, इथेही. विजेची गाडी काठोकाठ चार्ज करून उतारावर आणू नका. पाय उचलला की ती बॅटरी भरत वेग आवरते; बॅटरीत जागा नसेल तर पाय उचलूनही गाडी आवरत नाही आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. हिवाळ्यात थंड गाडी दमट बोगद्यात शिरली की काच बाहेरून धुरकटते. शिरायच्या आधी वायपर आणि काचेवरची गरम हवा तयार ठेवा.

खिंडीत हिमवादळ असेल तर गाड्या बर्फ हटवणाऱ्या नांगराच्या मागे रांगेने सोडतात. टाकी भरलेली, गरम कपडे डिकीत नाही तर हाताशी, आणि रांगेत शिरल्यावर वळायचं नाही. पुढची गाडी दिसेनाशी झाली तरी गाडी सोडून उतरू नका.

मँचेस्टरहून

आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, म्हणून सोपं वाटतं. सगळे आकडे मात्र मैलांत: ३० म्हणजे ताशी ४८ किलोमीटर. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ म्हणजे "मर्यादा नाही" असं नाही: दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ६०, असलेल्यावर ७०. वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर २०. स्कॉटलंडच्या एकपदरी रस्त्यांवर थांबायची जागा उजवीकडे असेल तर आत शिरू नका, तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा.

भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतो. जर्मनीत ६ महिने, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. स्वित्झर्लंडमध्ये १२ महिन्यांनंतर एक चाचणी, आणि ती पुन्हा देता येत नाही.

बार्सिलोनाहून

पंपाबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून एवढंच. इथे "गासोलेओ", इटलीत "गासोलिओ", फ्रान्समध्ये "गाझोल": तिन्ही डिझेल. नाव ऐकून गॅसोलिन समजू नका. नळीचा रंग देशागणिक बदलतो, तिच्यावरच्या खुणेचा आकार नाही: वर्तुळातला ई म्हणजे पेट्रोल, चौकोनातला बी म्हणजे डिझेल. टाकीच्या झाकणावरही तीच खूण बघा. डिझेलची नळी जाड असते, ती पेट्रोलच्या तोंडात सहसा बसत नाही. उलट मात्र सहज घडतं. चुकून भरलंच तर चावी फिरवू नका, गाडी ढकलून बाजूला घ्या आणि कंपनीला फोन करा. इंजिन सुरू केलं नसेल तर टाकी उपसून काम भागतं. केलं तर पंप आणि इंजेक्टरपर्यंत खर्च जातो, आणि भाड्याच्या विम्यात तो बहुधा धरलेला नसतो.