पोर्ट्रेटसाठी ज्युपिटर-९: आजही घ्यावी का?

तलावपाळीकर
हेलिओस ४४-२ च्या गरगरत्या बोकेची (फोकसबाहेरच्या धूसर पार्श्वभूमीची) एवढी हवा झाली आहे की जुनी सोव्हिएत लेन्स म्हटलं की दुसरं नावच कोणी घेत नाही. चेहरा टिपायचा असेल तर ज्युपिटर-९ घ्या, ८५ मिमी एफ/२ (एफचा आकडा जितका लहान, तितकं उजेड आत सोडणारं छिद्र मोठं). हेलिओसच्या फोटोत नजर आधी मागच्या झाडांकडे जाते, ज्युपिटरमध्ये ती डोळ्यांवरच थांबते. रचना मूळ जर्मन झाइस कंपनीच्या सोनार लेन्सची, लुडविग बेर्टेलेची. सात भिंगं तीन गटांत चिकटवलेली, म्हणजे हवेला लागणारे पृष्ठभाग सहाच. आणि अ‍ॅपर्चरला (म्हणजे याच छिद्राला) पंधरा पाती! आईला तलावपाळीच्या कठड्याशी उभं करून संध्याकाळी एफ/४ वर फोटो काढला. मागचे दिवे गोलच्या गोल राहिले, कोपरे कुठेच नाहीत. कपाळावरच्या रेषा दिसतात, पण बोचत नाहीत.

वाशीवाला
नाही पटत. मी लग्नाची कामं करतो. एफ/२ वर सव्वा मीटरवरून चेहरा घेतला तर शार्प पट्टा जेमतेम अडीच सेंटीमीटरचा. हाताने फोकस लावेपर्यंत नवरीने मान वळवली की डोळे गेले, नाक तेवढं शार्प. त्यापेक्षा ऑटोफोकसवाली साधी ८५ एफ/१.८ सेकंडहँड घ्यावी. पंधरा पात्यांचं कौतुक एफ/२ वर कशाला? अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना पाती मध्ये येतच नाहीत.

तलावपाळीकर
पात्यांचं बरोबर आहे, म्हणूनच एफ/४ म्हटलं. बाकीच्या बऱ्याच जुन्या लेन्स तिथे कोनदार ठिपके देतात, ही देत नाही. आणि लग्नाच्या धावपळीत ही न्या असं मी म्हणणारच नाही. माणूस समोर निवांत बसलाय, गप्पा चालल्यात, अशा वेळी हिच्यासारखी लेन्स नाही. मिररलेसवर डोळा झूम करून बघा, रिंग सावकाश फिरवा.

कळव्याची_अनु
फ्लेअरचं (समोरचा उजेड भिंगात पसरून फोटो फिका पडतो त्याचं) कोणी बोलतच नाही! उपवनला सूर्य पाण्यावर उतरलेला असताना माणूस त्याच्यासमोर ठेवला की कॉन्ट्रास्ट पार बसतो, काळे केस राखाडी दिसतात. पृष्ठभाग सहा असले तरी जुन्या प्रतींवरचं कोटिंग एकपदरीच. लोक त्याला ‘ड्रीमी’ म्हणून खपवतात. मला तो दोषच वाटतो.

तलावपाळीकर
बॅकलाइटला ती कमजोर आहे, मान्य. हूड लावा, सूर्य बाजूला घ्या. व्हरांड्यातल्या किंवा खिडकीच्या उजेडात तोच मऊ कॉन्ट्रास्ट सावळ्या रंगाला फार शोभतो, सावल्या काळ्याठिक्कर पडत नाहीत. यावर मी ठाम आहे.

घोडबंदर_रोड
तिघांचं वाचलं, पण आपल्याकडची खरी अडचण बुरशी. ठाण्यातला पावसाळा आणि जुनी भिंगं! घेताना मोबाईलचा टॉर्च मागून मारून आत जाळं दिसतंय का बघा. फोकस रिंग जड असेल तर ग्रीस सुकलंय. पात्यांवर तेल चमकत असेल तर भाव पाडा. घरी सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात ठेवा, चामड्याच्या केसमध्ये अजिबात नको.

नवशिका_ऐरोली
माझ्याकडे निकॉनचा डीएसएलआर आहे. एम४२ वाली (जुन्या स्क्रू-माउंटची) ज्युपिटर-९ बसेल का?

घोडबंदर_रोड
बसेल, पण इन्फिनिटीला, म्हणजे अगदी लांबच्या गोष्टींवर, फोकस होणार नाही. लेन्स बसते तिथून सेन्सरपर्यंतचं एम४२ चं अंतर ४५.४६ मिमी, निकॉनचं ४६.५. भिंगवाला अ‍ॅडॅप्टर घेऊ नकोस, चित्र बिघडतं. साधी रिंग लाव. काही मीटरपलीकडचं धूसर राहील, पण चेहऱ्याला तेवढं पुरतं.

वाशीवाला
म्हणजे लांबचं नाही, हलणारं नाही, उन्हासमोर नाही. नवशिक्याने पहिली लेन्स म्हणून ही घेऊ नये, यावर मीही ठाम.