मदत हवी आहे : लोरोपेटालमची जांभळी पाने फिकट पडत आहेत

नमस्कार. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ आमचे घर असून, दीड वर्षापूर्वी मी पूर्वेकडच्या कुंपणालगत काळपट जांभळ्या पानांच्या लोरोपेटालमची दोन झुडपे लावली आहेत. हे झुडूप मूळचे चीनकडचे आहे आणि त्याला आम्लधर्मी, निचऱ्याची जमीन मानवते, हे मला लावल्यानंतर कळले; आमची माती मात्र काळी, चिकट आणि चुनखडीयुक्त आहे.

एक झुडूप बरे आहे. दुसऱ्याची नवी पाने गेल्या महिन्यापासून पिवळट निघत असून शिरा तेवढ्या गडद राहतात, आणि टोकाची काही पाने कडेने करपली आहेत. उन्हाळ्यात बोअरचे जड पाणी दिल्यामुळे आळ्यातल्या मातीवर पांढरा थर आला होता. त्यामुळे मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) वाढून मुळांना लोह मिळत नसावे, असा माझा अंदाज आहे. आपल्याकडचे द्राक्ष बागायतदार चुनखडीच्या जमिनीत चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातले लोह) वापरतात. तेच या झुडपाला द्यावे का, आणि फवारणीतून की आळ्यात?

की झुडूप मुळांच्या गोळ्यासह काढून, कोकोपीट व पानांचे खत घातलेल्या मोठ्या कुंडीत हलवणेच योग्य ठरेल? छाटणी मी मुद्दाम थांबवली आहे, कारण याच्या गुलाबी झालरीसारख्या फुलांच्या कळ्या जुन्या फांद्यांवर धरतात. ज्यांनी काळ्या मातीत हे झुडूप जगवले आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर लिहावा.