टेप ड्राइव्हला ब्लॉक लिमिट विचारायची की डोळे झाकून २५६ केबी ठेवायचं?

रात्रपाळी
एलटीओ-८ वर (बॅकअप टेपची आठवी पिढी) टारने, म्हणजे फाइली एकत्र बांधणाऱ्या टूलने, बॅकअप घेणारे अजूनही डिफॉल्टवर चालतात. १०,२४० बाइटचा ब्लॉक (एका राइटमध्ये टेपवर जाणारा तुकडा) म्हणजे ड्राइव्हचा ३६० एमबीचा वेग गाठायला सेकंदाला ३५ हजार राइट पाहिजेत, कुठून होणार, मग ड्राइव्ह थांबतो, मागे जातो, परत धावतो. अंदाजपंचे आकडे टाकण्यापेक्षा ड्राइव्हलाच विचारा की. एसजी३-यूटिल्स या टूल-संचातली एसजी_रीड_ब्लॉक_लिमिट्स कमांड चालवा, पुढे टेपचं डिव्हाइस द्या, बस्स. आमचा सांगतो किमान १ बाइट, कमाल ८३८८६०८. म्हणजे ८ एमबी. मग ८ च ठेवा ना, हात आखडता कशाला?

खटपट्या
मुलगा हो म्हणाला म्हणून लग्न ठरत नसतं राव. मधे एचबीए (ड्राइव्ह सर्व्हरला जोडणारं कार्ड) आहे, लिनक्सचं कर्नल आहे. कर्नलमधल्या एसटी या टेप ड्रायव्हरला तेवढा बफर (मेमरीतली जागा) जमला नाही की डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, तक्रार आणि राइट फेल. ती कमांड फक्त ड्राइव्हपुरतं बोलते.
आणि ड्राइव्ह तरी सगळे सारखे कुठेत? उत्तरात कमाल साइजला ३ बाइटच जागा, त्यामुळे १६७७७२१५ च्या वर आकडा येऊच शकत नाही. एचपीचे एलटीओ नेमका तोच सांगतात, आयबीएमचे ८ एमबी. एचपीच्या एलटीओ-६ वर कोणी हौसेने १२ एमबीचे ब्लॉक लिहिले आणि पुढे आयबीएमचा एलटीओ-७ घेतला तर? मागच्या जनरेशनची टेप नव्या ड्राइव्हमध्ये चालते, एवढा मोठा ब्लॉक चालत नाही. बसा बोंबलत.

चहाकट
एवढा खटाटोप कशाला, एमटी या टेपच्या कमांडचं स्टेटस दाखवतं की ब्लॉक साइज. माझ्याकडे ० येतंय.

रात्रपाळी
@चहाकट ते शून्य म्हणजे व्हेरिएबल मोड (ब्लॉकची साइज ठरलेली नाही) चालू आहे, ते लिमिट नाही हो. सध्याचं सेटिंग वेगळं, ड्राइव्हची झेप वेगळी, म्हणूनच म्हणतोय वेगळं विचारा.
@खटपट्या एचपी-आयबीएमचा फरक तुम्हाला कळला तोही कोणीतरी विचारलं म्हणूनच ना? न विचारता २५६ ठोकणाऱ्यांना तर तेही माहीत नसतं.

खटपट्या
विचारा की, नाही कोण म्हणतंय. फक्त आलेला आकडा छत समजा, टार्गेट नको. टारला -बी ५१२ (५१२ बाइटचे ५१२) दिलं की २५६ केबी होतात, एलटीएफएस ही टेपची फाइल सिस्टीम स्वतः डिफॉल्ट ५१२ केबी वापरतं, त्यांना काय ८ एमबी माहीत नव्हते?
आणि रिस्टोर करणारा वेगळाच असतो. तो डीडी या कॉपीच्या कमांडला छोटा बीएस (ब्लॉक साइज) देतो, एरर येते ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’, आणि बिचारा सर्व्हरची रॅम तपासत बसतो. रॅमचा काही संबंध नाही, टेपवरचा ब्लॉक त्याच्या बफरपेक्षा मोठा आहे एवढंच.

चहाकट
अच्छा म्हणजे ती एरर त्याची होती!! आमच्याकडे रॅमची परचेस रिक्वेस्ट पण गेलीय वर 😅

रात्रपाळी
ती आधी थांबवा. ५१२ केबी मला मान्य आहे, पण तो आकडा कार्ट्रिजच्या लेबलवर पेनाने लिहायचा, कॅटलॉग (कोणत्या टेपवर काय आहे ती यादी) त्याच सर्व्हरवर असतो जो मेलेला असतो.