मदत हवी आहे: जिवाणू न वाढलेला झोन प्रथिनामुळे की वनस्पतीतल्या फिनॉलमुळे?

शेवग्याच्या बियांतली प्रथिनं अमोनियम सल्फेटने खाली बसवून डायलिसिस केलं (सूक्ष्म छिद्रांच्या पिशवीत ठेवून क्षार आणि लहान रेणू बाहेर जाऊ दिले). स्टॅफिलोकोकस जिवाणूच्या प्लेटवर नमुना भरलेल्या विहिरीभोवती स्वच्छ झोन आला, ई. कोलायवर काहीच नाही (त्याचं बाहेरचं आवरण आडवं येत असावं). नमुना उकळला तरी झोन तसाच! गाईड म्हणतात, प्रथिन असतं तर उकळल्यावर बिघडलं असतं, म्हणजे हे फिनॉलच. मला पटत नाही. डिफेन्सिन, थायोनिनसारखी 5 किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) आसपासची जिवाणूरोधक पेप्टाइडं (छोटी प्रथिनं) डायसल्फाइड बंधांमुळे उष्णतेला सहसा दाद देत नाहीत. पण मग ती 12 किलोडाल्टन कटऑफच्या (साधारण त्याहून लहान रेणू बाहेर सोडणाऱ्या) पिशवीतून निसटून कशी गेली नाहीत?

आधी प्रोटिनेज-के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) देऊन झोन जातो का बघू, की पुन्हा सुरुवातीपासून पीव्हीपीपी (फिनॉल धरून ठेवणारी पावडर) घालून फिनॉल काढू? कमी कटऑफची पिशवी कुणी वापरली आहे का?