शार्लटच्या शाळा: बसिंग बंद झालं ते चुकलंच

मेक्लेनबर्गकर (धागाकर्ता)
परवा ओळखीतलं एक कुटुंब घरी आलं होतं, बँकेत नोकरी लागून नुकतेच अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला आलेत, आणि चहा संपायच्या आत प्रश्न आलाच, "कुठल्या शाळेच्या झोनमध्ये घर बघू?" मीही आलो तेव्हा हेच विचारत फिरत होतो त्यामुळे त्यांना दोष देत नाही, पण या वेळी उत्तर देताना मला जड गेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बसिंग म्हणजे काळी-गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून त्यांना बसने दूरच्या वस्तीतल्या शाळेत नेणं. १९५७ साली डोरोथी काउंट्स ही १५ वर्षांची काळी मुलगी इथल्या गोऱ्यांच्या हार्डिंग हायस्कूलमध्ये गेली, तिच्यावर थुंकले, दगड फेकले, चार दिवसांत आईवडिलांनी नाव काढलं. पुढे डेरियस स्वॉन, हे मिशनरी म्हणून भारतात राहून आलेले, त्यांच्या ६ वर्षांच्या जेम्सला मिश्र शाळेत प्रवेश नाकारला म्हणून १९६५ ला कोर्टात गेले. वकील ज्युलियस चेंबर्स, त्याच वर्षी त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला, तरी माणूस मागे हटला नाही. १९७१ ला सुप्रीम कोर्टाने ९-० ने निकाल दिला की शाळा मिसळण्यासाठी मुलांना बसने दूर नेता येईल. केस चालू असताना, १९६९ च्या सुमारास, डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे इथल्या सगळ्या सरकारी शाळांत मिळून) ८४ हजार मुलं, २९ टक्के काळी, आणि त्यातली १४ हजार अशा २१ शाळांत की जिथे गोरं मूल जवळपास औषधालाही नाही.

मग बस सुरू झाल्या आणि तीसएक वर्षं हे खरंच चाललं. बॉस्टन बसिंगवरून पेटलं होतं तेव्हा वेस्ट शार्लट हायस्कूलच्या मुलांनी तिथल्या मुलांना इथे बोलावून आपली शाळा दाखवली. १९८४ ला राष्ट्राध्यक्ष रेगन इथे सभेत म्हणाले की बसिंग फसलंय, तर गर्दी त्यांचीच असून टाळ्या पडल्या नाहीत! पण १९९७ ला मुलीला मॅग्नेट शाळेत (खास विषयांची सरकारी शाळा, कुठल्याही वस्तीतून अर्ज करता येतो) जागा मिळाली नाही म्हणून एका गोऱ्या वडिलांनी केस केली, १९९९ ला ते जिंकले आणि २००२ पासून घराजवळची शाळा. आज त्याच वेस्ट शार्लटमध्ये गोरी मुलं शोधावी लागतात.

माझं मत स्पष्ट आहे, हे मोडलं ते चुकलं. आणि आपण "चांगल्या शाळेसाठी" लाखभर डॉलर जास्त मोजतो तेव्हा त्या मोडण्याला हातभार लावतो.

बॅलन्टाइनची_आई
असहमत, आणि मनापासून असहमत. ग्रीन कार्डच्या रांगेत बारा वर्षं काढताना हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे मुलांचं शिक्षण, त्यासाठी जास्तीचं कर्ज काढलं तर ते पाप नाही. आणि सहा वर्षांच्या पोराला पहाटे अंधारात बसस्टॉपवर उभं करायचं, आजारी पडलं तर घ्यायला जायला तासभर, नवरा-बायको दोघं नोकरीवर, हे कसं जमायचं? शिवाय १९७१ चं गणित काळं-गोरं एवढंच होतं. आता लॅटिनो मुलंच तीस टक्क्यांच्या आसपास आहेत, वर आपली आहेत, व्हिएतनामी आहेत. कोणाला कोणात मिसळायचं?

जुनाखोड
मी १९८६ पासून इथे आहे. माझी मुलगी पाचवी-सहावीत बसने पार दुसऱ्या टोकाला जायची. पहिला महिना रडली. तिच्या लग्नात करवलीसारखी मिरवली ती त्याच शाळेतली मैत्रीण. धागाकर्त्याला +१.

चौकस
जुनाखोड, तुमच्या मुलीचं ऐकून आनंद झाला, पण त्यातच माझा आक्षेप आहे. कोर्टाने मान्य केलेल्या प्लॅनमध्ये काळ्या मुलांनी पहिली ते चौथी गोऱ्या वस्तीत जायचं आणि गोऱ्या मुलांनी फक्त पाचवी-सहावीत काळ्या वस्तीत यायचं असं होतं. म्हणजे चार वर्षं त्यांची, दोन यांची, आणि त्यांची ती सगळ्यात कोवळी. बरं, सेकंड वॉर्ड हायस्कूल, काळ्यांची जुनी, अभिमानाची शाळा, ती १९६९ ला बंदच केली. ज्या वस्तीची शाळा जाते ना, तिचं नाकच जातं, आपल्याकडे गावातली झेडपीची शाळा बंद झाली की काय होतं ते आठवा. आता लगेच कोणीतरी अर्थतज्ज्ञ राज चेट्टींचा २०१४ चा अभ्यास आणेल, गरिबीतून वर येण्यात ५० मोठ्या शहरांत शार्लट शेवटचं म्हणून. ती मुलं १९८० च्या आसपास जन्मलेली आहेत हो! ती बसिंगच्या काळातच शिकली.

मेक्लेनबर्गकर
चौकस, चेट्टींचा मुद्दा मान्य, मी तो आणणारच होतो, आता नाही आणत. चार-दोन वर्षांचंही मान्य, ओझं असमान होतंच. पण मग ओझं समान करायचं की गाडीच मोडायची? २००२ ला शाळांच्या झोनच्या नव्या रेषा आखल्यावर एकाच वस्तीतली मुलं रेषेच्या अलीकडे-पलीकडे गेली, त्यांची तुलना बिलिंग्ज, डेमिंग आणि रॉकॉफ या संशोधकांनी केली, आणि जास्त काळ्या-लॅटिनो मुलांच्या शाळेत गेलेल्या गोरेतर मुलग्यांमध्ये अटक आणि तुरुंग वाढलेला दिसला. वस्ती तीच, शाळा बदलली, हे मला झोप लागू देत नाही.

बॅलन्टाइनची_आई, कोणाला कोणात मिसळायचं त्याला उत्तर आहे. डिस्ट्रिक्टने २०१६ ला मॅग्नेटच्या लॉटरीत रंग नाही तर घरची आर्थिक स्थिती धरायचं ठरवलं. २०१८ ला बिलिंग्जव्हिल आणि कॉट्सवल्ड या दोन प्राथमिक शाळा जोडल्या, लहान मुलं सगळी एकीकडे, तिसरी ते पाचवी सगळी दुसरीकडे. अंतर किती, तर दीडेक मैल! प्रत्येक वेळी तासभराची बस लागत नाही.

बॅलन्टाइनची_आई
जोडलेल्या शाळांचं माहीत नव्हतं. दीड मैल मी चालवून घेईन. पण एक सांगते, २०२४ ला बॅलन्टाइन रिज हायस्कूल सुरू व्हायच्या आधी सीमा बदलायच्या मीटिंगा झाल्या, त्यात मीही माइकवर बोलले, "आमचा झोन बदलू नका" म्हणून. मागून एक लॅटिना आई दुभाष्यामार्फत अगदी हेच वाक्य बोलली, तिच्या शाळेबद्दल. तेव्हापासून "घराजवळची शाळा" म्हणजे फक्त आमच्यासारख्यांचा हट्ट आहे हे मला पटत नाही.

जुनाखोड
ताई, हे लिहिलंत ते बरं केलंत. मेक्लेनबर्गकर, पाहुण्यांना शेवटी काय सांगितलंत?

मेक्लेनबर्गकर
मॅग्नेट लॉटरीची माहिती दिली, आणि शनिवारी गाडीत घालून दोन शाळा दाखवल्या, त्यातली एक ज्युलियस चेंबर्स हायस्कूल. तिचं नाव २०२१ पर्यंत गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या झेबुलॉन व्हान्सच्या नावावरून होतं. बायको म्हणाली, आत जाऊन बघता येईल का. नवरा झिलोवर (घरं शोधायची साइट) घरं बघत होता. अजून ठरलेलं नाही त्यांचं.