युरोपच्या व्हिसासाठी अर्ज कोणत्या देशाकडे करावा?

(घोडबंदर रोड, ठाणे येथील एका सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा)

बी-७०४ :
सर्व सभासदांना नमस्कार. आमची लेक नोकरीनिमित्त म्युनिकला राहते आणि येत्या मे महिन्यात आम्हां दोघांना तिच्याकडे जायचे आहे. तीनएक आठवडे तिच्याकडे राहावे, मग चार दिवस स्वित्झर्लंड आणि शेवटी दोन-तीन दिवस पॅरिस पाहून परतावे, असा बेत आहे. एका एजंटाचे म्हणणे असे, की जर्मनीची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, तेव्हा ज्या देशाची तारीख आधी मिळेल त्याच्याकडे अर्ज टाकावा, कारण शेंगेन व्हिसा एकदा हातात पडला की कुठूनही आत जाता येते. हे योग्य आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ए-२०१ :
काकू, आमच्या ओळखीतले काही जण असेच जाऊन आले आहेत. खात्यात शिल्लक मात्र भरपूर दिसली पाहिजे. अर्जाच्या आधी एखादी मुदत ठेव मोडून ती रक्कम बचत खात्यात वळवून ठेवा, म्हणजे स्टेटमेंट चांगले दिसेल.

सी-११०२ :
काकू, हे दोन्ही सल्ले तुम्ही मानू नयेत असे मला मनापासून वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेंगेन क्षेत्रात आज २९ देश आहेत आणि व्हिसा सगळीकडे एकच चालतो, हे खरे आहे. पण अर्ज कोणाकडे करायचा, हे आपल्या सोयीवर सोडलेले नाही. प्रवासाचा मुख्य हेतू ज्या देशात आहे किंवा जिथे सर्वांत जास्त दिवस मुक्काम आहे, त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो, आणि मुक्काम सगळीकडे सारखाच असेल तरच जिथे प्रथम प्रवेश होणार तो देश धरला जातो. तुमचा हेतूही जर्मनीत आहे आणि मुक्कामही. दुसऱ्या देशाकडे जायचे म्हणजे तिथल्या हॉटेलांची खोटी बुकिंगे जोडावी लागतील आणि लेकीचे निमंत्रण, जो तुमच्या फाइलमधला सर्वांत भक्कम कागद आहे, तोच लपवावा लागेल. अर्ज नाकारला गेला तर त्याची नोंद शेंगेन देशांच्या सामायिक यंत्रणेत पाच वर्षे राहते. आणि व्हिसा मिळाला तरी विमानतळावरचा अधिकारी मुक्कामाचा पत्ता व परतीचे तिकीट विचारू शकतो, आणि खोटी माहिती देऊन व्हिसा घेतल्याचे दिसले तर तो तिथेच रद्दही होऊ शकतो. या वयात परक्या विमानतळावर असा प्रसंग तुमच्यावर येऊ नये.

ठेव मोडण्याचेही काही कारण नाही. व्हिसा अधिकारी शेवटची शिल्लक पाहून थांबत नाही, मागच्या काही महिन्यांचे व्यवहार पाहतो. दरमहा पेन्शन जमा होते आणि त्यातून घरखर्च जातो, असे साधे खाते असेल तर ते पटते, पण अर्जाच्या आठवड्यात एकदम पाच लाख जमा झालेले दिसले की ते आले कुठून, हा प्रश्न उभा राहतोच. ठेव आहे तशी राहू द्या आणि बँकेकडून शिक्का मारलेले ठेवींचे प्रमाणपत्र घ्या. पेन्शनचे कागद, आयकर विवरणपत्रे आणि ठाण्यातल्या घराची कागदपत्रेही जोडा, कारण तुमचे बस्तान इथेच आहे आणि तुम्ही परत येणार आहात, हे त्यांवरूनच दिसते.

लेकीला आणखी एक काम सांगा. तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन पाहुण्यांच्या खर्चाची हमी देता येते. तिचे उत्पन्न तपासून कार्यालय अधिकृत हमीपत्र देते. मूळ प्रत कुरिअरने मागवा, नुसते छायाचित्र चालत नाही.

बी-७०४ :
फार बरे वाटले वाचून. यांनाही एजंटाचे म्हणणे पटत नव्हतेच. पण तारीखच मिळाली नाही तर काय करायचे?

सी-११०२ :
अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, काही प्रकरणांत पंचेचाळीसही. आता जानेवारी आहे, म्हणजे उशीर झालेला नाही. रद्द झालेल्या तारखा पुन्हा खुल्या होतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाहत राहा. शुल्क प्रौढांना ९० युरो आहे, अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा सेवा आकार वेगळा असतो आणि अर्ज नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. अर्ज केंद्र केवळ कागद व बोटांचे ठसे घेते, निर्णय वकिलातीचा असतो. तेव्हा व्हिसाची हमी देणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.

डी-३०५ :
काका, माझ्या वडिलांचा पासपोर्ट येत्या ऑगस्टच्या मध्यावर संपतो. तेही मे महिनाअखेरीस परतणार आहेत. चालेल का?

सी-११०२ :
नाही चालणार. शेंगेन क्षेत्र सोडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट वैध असावा लागतो, शिवाय तो मागच्या दहा वर्षांत दिलेला असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. आधी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट कार्यालयाची वेळ घ्या आणि नवा पासपोर्ट आल्यावरच व्हिसाचा अर्ज भरा.

ए-६०३ :
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मुलगी ॲमस्टरडॅमला असते आणि तिच्या बाळंतपणासाठी मला पाच महिने राहायचे आहे. मध्ये आठवडाभर लंडनला बहिणीकडेही जायचे मनात आहे. एकाच व्हिसावर हे जमेल का?

सी-११०२ :
ताई, पाच महिने सलग जमणार नाहीत. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि आत शिरल्याचा व बाहेर पडल्याचा, असे दोन्ही दिवस मोजले जातात. मध्ये लंडनला जाऊन आल्याने मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. बाळंतपणाची तारीख धरून ९० दिवसांची आखणी करा. उरलेल्या काळासाठी जावईबापूंच्या आईंना नंतर जाता आले तर मुलीला सलग सोबत मिळेल.

ब्रिटनचा व्हिसा स्वतंत्र काढावा लागतो. आणि पासपोर्टवर शेंगेनचा स्टिकर आला की तीन गोष्टी डोळे लावून वाचा : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, प्रत्यक्ष किती दिवस राहण्याची मुभा आहे, आणि किती वेळा प्रवेश करता येतो. पहिल्या दोन तारखांमधले अंतर मुक्कामाच्या दिवसांपेक्षा बहुधा जास्त असते, आणि ते पाहून पुष्कळ जण तेवढे सगळे दिवस राहता येतील असे समजतात. मोजायचे ते मुक्कामाचेच दिवस. प्रवेशाच्या रकान्यात ०१ असेल तर लंडनला गेल्यावर ॲमस्टरडॅमला परतता येणार नाही. म्हणून अर्जातच एकाहून अधिक प्रवेश मागा आणि लंडनची तिकिटे सोबत जोडा. डब्लिनचा विचार असेल तर आयर्लंडही शेंगेनमध्ये नाही. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसूनही शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे बी-७०४ च्या काकूंना तिथे वेगळा व्हिसा लागणार नाही.

बी-७०४ :
आज रात्री लेकीशी बोलून हमीपत्राचे पाहते. विमा एजंटच देणार होता, तो आता आम्हीच काढावा का?

सी-११०२ :
तुम्हीच काढा. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण, सर्व शेंगेन देशांत आणि प्रवासाच्या सगळ्या दिवसांसाठी लागू, एवढे पाहा. काकांचा रक्तदाब आणि तुमची साखर मात्र प्रस्तावात स्पष्ट लिहा, आधीच्या आजारांवरचा खर्च मिळतो का हे पॉलिसीत शोधून वाचा, आणि नियमित गोळ्यांचे डॉक्टरांचे चिठ्ठीपत्र इंग्रजीत करून हातातल्या बॅगेत ठेवा. उद्या संध्याकाळी फाइल घेऊन घरी या; अर्ज भरण्याआधी सगळे कागद एकदा मिळून पाहू.